अकरावा तुकडा

फाईलच्या आकाराचा शेवटचा आकडा सात होता. आमच्या नोंदीची प्रत्येक ओळ बरोबर अठरा अक्षरांची असे: दोन झाडाच्या नंबराची, दहा वेळेची, पाच जाडीची आणि एक ओळ संपल्याच्या खुणेचं. म्हणजे फाईल कितीही वाढली तरी तिचा आकार अठराच्या पटीतच असायला हवा, आणि अठराच्या पटीतली संख्या सातावर संपत नाही. मी शेवटची ओळ काढून पाहिली. तिच्यात एकच अक्षर होतं, तीन. तिशीतल्या कुठल्यातरी झाडाचा नंबर लिहायला मशीनने सुरुवात केली होती आणि दुसरा आकडा लिहायला त्याच्याकडे जागा उरली नव्हती.

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. त्या जुन्या युनिक्स मशीनवर कुठलीही फाईल यापुढे जात नसे, डिस्क अर्धी रिकामी असली तरी. फाईलमध्ये आपण कितव्या अक्षरावर आहोत हे मोजायला मशीनजवळ जेवढी घरं होती ती या संख्येला सगळी भरत. पुढची संख्या मांडायला घरच नव्हतं. ही मर्यादा मला ठाऊक होती. परीक्षेत विचारली असती तर कारणासकट लिहिली असती.

त्या दिवशी मंगळवार होता, पंचवीस नोव्हेंबर. फाईलमधली शेवटची पूर्ण नोंद होती पंधरा ऑक्टोबरची, दुपारी चार वाजून बारा मिनिटांची.

आमची संस्था झाडं मोजते. इमारतीमागच्या राईत अठ्ठेचाळीस झाडांच्या खोडांना पोलादाचे पातळ पट्टे बांधलेले होते. खोड दिवसा किंचित आकसतं, रात्री फुगतं, वर्षभरात थोडं जाड होतं. पट्ट्यावरचं उपकरण तो फरक टिपून झाडाखालच्या पेटीत ठेवी. पेटीत सात दिवसांपुरती जागा होती. आठव्या दिवशी ती जुन्यावर नवं लिही. माझा प्रोग्राम रोज पहाटे पेट्यांमधलं सगळं उचलून वर्षाच्या एका फाईलला जोडत असे. आदल्या वर्षीपर्यंत नोंद मिनिटाला एकदा व्हायची, म्हणून फाईल कधी एवढी फुगली नव्हती. त्या वर्षी संस्थाप्रमुखांनी, म्हणजे आमच्या बाईंनी, दर दहा सेकंदांनी नोंद घेता येईल का विचारलं, आणि नोकरीला जेमतेम आठ महिने झालेली मी "होईल की" म्हणून मोकळी झाले. गुणाकार केला नाही.

प्रोग्रामने तक्रार केली असणारच. रोज पहाटे, एकेचाळीस दिवस. पण तक्रारी छापून छापून प्रिंटर कागद खातो म्हणून त्या छापायच्याच नाहीत अशी सोय मीच केली होती. दर सोमवारी फाईलचा आकार पाहून रजिस्टरमध्ये लिहायचा, असा बाईंचा नियम होता. त्या सहा सोमवारी मी आकार पाहिला नव्हता. "ठीक" असं लिहिलं होतं. अक्षर चांगलं होतं.

पेट्यांमध्ये शेवटचे सात दिवस होते. एकेचाळीसमधून सात गेले, चौतीस दिवस उरले. ते कुठेही नव्हते.

मर्यादेतून वाट काढणं दोन दिवसांचं काम निघालं. भरलेल्या फाईलचे मी दहा तुकडे केले. पुढच्या नोंदी महिन्याच्या वेगळ्या तुकड्यात जातील असं केलं. बाईंच्या आकडेमोडीच्या प्रोग्रामला सबंध वर्षाची एकच फाईल हवी असे. त्याच्यासाठी एक पाइप बांधला. एक तुकडा संपत आला की दुसरा त्याच्या तोंडाशी धरायचा. प्रोग्रामला वाटे आपण एक लांबलचक फाईल वाचतोय. तशी फाईल डिस्कवर कधी नसेच. काम नीटनेटकं झालं होतं, आणि आजही मला त्यात दोष काढता येत नाही.

बाईंनी येऊन पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "वेळेवर लक्षात आलं म्हणायचं. नाहीतर बसलो असतो कपाळाला हात लावून."

मी "हो" म्हणाले.

एवढंच झालं. मी कुठलीही मोठी थाप रचली नाही. त्यांनी वेळेवर म्हटलं आणि मी हो म्हटलं.

त्यानंतर तो खड्डा भरणं भाग पडलं. मी आदल्या वर्षीचे तेच चौतीस दिवस घेतले. मिनिटांच्या नोंदींमधून दहा-दहा सेकंदांच्या काढल्या. प्रत्येक झाड वर्षभरात जेवढं वाढलं तेवढं मिळवलं. हुबेहूब दिसू नये म्हणून थोडा थरथराट घातला. त्या काळात एक मोठं वादळ झालं होतं, तेव्हा पावसाचं रजिस्टर पाहून त्या दिवशी खोडं थोडी फुगवली. शिकलेलं सगळं कामी आलं. हा झाला अकरावा तुकडा. बाराव्यापासून पुन्हा खऱ्या नोंदी सुरू होत होत्या.

दोन्ही तुकड्यांच्या जोडाशी सत्तेचाळीस झाडं गुपचूप जुळली. सतरा नंबरचं जुळेना. तिथे दोन मिलिमीटरची पायरी होती. झाड एका सेकंदात दोन मिलिमीटर जाड होत नाही. म्हणजे मधल्या दिवसांत त्या पट्ट्याला काहीतरी झालं होतं. हे मला तेव्हाच कळलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. राईत जाऊन पाहायला दहा मिनिटं लागली असती. त्याऐवजी मी सतरा नंबरच्या पुढच्या सगळ्या नोंदींमधून दोन मिलिमीटर वजा केले आणि पायरी सपाट झाली.

सोमवारी बाईंना सांगू, असं मी ठरवलं. सोमवार आला तेव्हा बाई परगावी होत्या. दुसऱ्या सोमवारी त्यांचा घसा बसला होता.

घरी मी आणि ताई, दोघीच. ताई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, माप घ्यायची फळी आणि अर्धवट कोटांची रांग. तिला मी सांगितलं, अर्धं. फाईल भरली एवढं सांगितलं. तुकडा बनवल्याचं गिळलं.

तोंडातल्या टाचण्या न काढता ती म्हणाली, "मग बाईंना सांगून टाक ना. खातील का तुला?"

"सांगते सोमवारी."

"या सोमवारी की त्या?"

मी हसले. तिने टाचण्या काढून ठेवल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला खोटं बोलता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. कप फुटला की तू बोलायचीच बंद व्हायचीस. आई बिचारी समजायची पोरीला ताप आलाय."

राईची देखभाल मास्तरांकडे होती. ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते; नव्या माणसाला झाडांची ओळख करून देताना ते छडीसारखी काठी घेऊन एकेका खोडापुढे उभे राहत, त्यावरून ते नाव पडलं होतं. पट्टे घट्ट करणं, स्प्रिंगा बदलणं, मुंग्या झाडणं हे त्यांचं काम, आणि केलेलं सगळं ते वहीत लिहीत. चौदा वर्षांच्या चौदा वह्या. मला ते 'एकोणपन्नास' म्हणत. मी पहिल्यांदा राईत गेले तेव्हा अर्धा तास एकही शब्द बोलले नव्हते. "अठ्ठेचाळीस झाडं होतीच, आणखी एक आलं," ते म्हणाले होते. "याला पट्टा कुठे बांधायचा तेवढं सांगा."

दर तीन महिन्यांनी बाई मास्तरांची वही आणि मशीनच्या नोंदी शेजारी ठेवून तपासत. जानेवारीत त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर वही उघडी होती आणि शेजारी सतरा नंबरचा आलेख.

"मास्तर, तुम्ही लिहिलंय, वादळात फांदी पडून सतराचा पट्टा तुटला. नऊ दिवस झाड पट्ट्याशिवाय होतं. दहाव्या दिवशी नवा बांधला."

"हो. सुटा पट्टा शिल्लक नव्हता. मागवला, यायला नऊ दिवस गेले."

"मग या नऊ दिवसांत हे उपकरण काय मोजत होतं? हवा?"

मास्तरांनी आलेख हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. रेष छान होती. वादळाच्या दिवशी थोडी फुगलेलीसुद्धा होती.

"बाई, तुटका पट्टा मी स्वतःच्या हाताने काढलाय. बोट कापलं होतं माझं."

"बोट कशानेही कापतं, मास्तर."

"पट्टा आहे अजून माझ्याकडे. आणू?"

"पट्टा कधीही तोडता येतो. मी चिडून बोलत नाहीये. मला एवढंच सांगा, त्या दिवसांत तुम्ही राईत गेला होतात का? घरी काही अडचण होती का? वही मागाहून भरली का? होतं असं. सांगितलंत तर विषय संपला."

"रोज गेलो होतो." त्यांचा आवाज चढला नाही. ते माझ्याकडे वळले. "अहो एकोणपन्नास, तुमचं मशीन काय म्हणतंय?"

बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. "काही गडबड होती का त्या दिवसांत?"

माझ्या हातात पेन्सिल होती. तिचं टोक मी अंगठ्याने दाबलं. "फाईलमध्ये तर काही दिसत नाही," मी म्हणाले.

शब्दशः ते खरं होतं. मी शोधून काढलेलं वाक्य होतं ते. बोलण्याआधी मी ते तपासलंसुद्धा होतं, कुठे पकडता येईल का म्हणून.

मास्तरांनी आलेख खाली ठेवला. मग वही मिटून टेबलाच्या कडेला नीट सरळ ठेवली आणि म्हणाले, "मग मशीनच खरं." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. पुढे कितीतरी दिवस ते लोकांना विचारत होते की पट्टा तुटल्यावरही उपकरण चालू राहू शकतं का, कशामुळे राहत असेल.

महिनाभरात त्यांची बदली भांडारात झाली. बल्ब, कागद, दोरे, पेन. राईत नवा माणूस आला.

याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी भांडारात सात वेळा गेले. कागद लागला तर शेजारच्या टेबलावरून उसना घ्यायचा, पेन स्वतःचं आणायचं, जिन्याने उतरताना भांडाराच्या दाराचा बोळ टाळून मागच्या बाजूने फिरून जायचं. माझ्या टेबलावरचा दिवा एकदा गेला तेव्हा मी सहा आठवडे खिडकीच्या उजेडात काम केलं. शेवटी मास्तरच बल्ब घेऊन वर आले. "झाडाला उजेड लागतो," म्हणाले, आणि स्टुलावर चढून लावूनही दिला. मी खाली स्टूल धरून उभी होते. त्यांचे बूट माझ्या डोळ्यांसमोर होते. तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि सांगायला तेवढं पुरेसं होतं. मी म्हटलं, "सांभाळून."

बाईंनी त्या वर्षाच्या नोंदींवर काही फार मोठा निष्कर्ष उभारला नाही, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. चौतीस दिवस म्हणजे वर्षाचा दहावा हिस्साही नाही, सरासरीत विरून जातो. हे सगळं मी आकडे मांडून पाहिलेलं आहे. मास्तरांची सरासरी मात्र मला कधी काढता आली नाही.

यंदा जुनं मशीन बंद करायचं ठरलं. नव्या मशीनला तसली मर्यादा नाही. तुकडे, पाइप, काहीच लागणार नाही. सगळे तुकडे एकापुढे एक जोडून दर वर्षाची एक अखंड फाईल करायची आणि ती दुसऱ्या एका संस्थेला कायमची सोपवायची. सोबत एक कागद होता. त्यावर छापलं होतं, "यातील सर्व नोंदी उपकरणांनी घेतलेल्या आहेत," आणि खाली माझ्या सहीची जागा.

कागद मी घरी नेला. ताईने तो शिलाईच्या फळीवर वाचला.

"मग? करून टाक सही. का नाही करत?"

तेव्हा मी तिला उरलेलं अर्धं सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. ताई कोटाची बाही उसवत होती, उसवणं थांबलं.

"तो म्हातारा अजून भांडारात आहे?"

"या महिन्याअखेर निवृत्त होतायत."

"आणि तू त्यांच्या हातून बल्ब लावून घेतलास?" तिने बाही फळीवर ठेवली. मग म्हणाली, "माझ्याशी बोलून काय उपयोग, बाई? माझं कुठे काय अडलंय?"

तिने मला कधी 'बाई' म्हटलं नव्हतं. परक्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं ती म्हणाली आणि पुन्हा बाही उसवू लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाईंच्या खोलीत सोपवणीची बैठक होती. बैठक म्हणजे बाई, मी आणि टेबलावर कागद. बाईंचे केस आता पूर्ण पांढरे आहेत. त्याही या वर्षी निघणार. त्यांनी यादी वाचायला घेतली. इतक्या वर्षांच्या फाईली, इतके आलेख, पावसाची रजिस्टरं.

"राईतल्या वह्या," त्या म्हणाल्या, "चौदा. अविश्वसनीय. सोबत पाठवू नयेत." आणि त्यापुढे खूण केली.

"चौदाच्या चौदा?" मी विचारलं.

"एक नोंद खोटी निघाली की बाकीच्यांवर कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा? मला काय आनंद होतोय का? माणूस चांगला आहे. पण नियम तो नियम."

दारावर टकटक झाली. मास्तर वह्यांचा गठ्ठा घेऊन आत आले. दोन्हीकडून दोरी बांधलेली, वर धूळ झटकल्याच्या खुणा. गठ्ठा त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला, नीट सरळ.

"भांडारातून मागवल्या होत्यात तुम्ही."

"हो. बसा ना, मास्तर."

ते बसले नाहीत. यादी बाईंसमोर उघडी होती आणि मास्तरांची नजर अजून तीक्ष्ण होती. त्यांनी ती ओळ वाचली असावी, कारण त्यांनी घसा साफ केला आणि जरा हसले.

"बाई, एक विचारू? या जाणार नसतील तर रद्दीत घालण्यापेक्षा मी घरी नेऊ का? नातू विचारतो, आजोबा तुम्ही काय करत होतात. आता मी काय सांगू, बल्ब वाटत होतो?"

"न्या की," बाई म्हणाल्या. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "खुशाल न्या."

"मी एकदा वाचून बघणार आहे सगळ्या," मास्तर म्हणाले. "त्या सतराचं मला अजून कळलेलं नाही. कधी कधी मलाच वाटतं, मी दुसऱ्याच झाडाचा पट्टा काढला की काय. वय झालं. बोटावर खूण आहे, पण खूण काय, कशाचीही असते."

त्यांनी गठ्ठ्याची दोरी धरली. बारा वर्षांपूर्वी त्यांना आपल्या नोंदीची खात्री होती. ती खात्रीसुद्धा मी आकड्याआकड्याने घासून सपाट केली होती, हे मला आज दिसलं. बाईंनी सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन वर ठेवलं.

मी पेन बाजूला ठेवलं.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "चष्मा विसरलीस?"

"मास्तर, वह्या ठेवा तिथेच," मी म्हणाले. माझा आवाज मला फार मोठा वाटला. उभी कधी राहिले ते कळलं नाही. "बाई, मी सही करणार नाही. सतरा नंबरचा पट्टा तुटला होता. त्या वर्षी फाईल भरून बंद पडली होती आणि मला एकेचाळीस दिवस पत्ता नव्हता. त्यातले चौतीस दिवस गेले ते गेलेच. तिथे आज जे आकडे आहेत ते कुठल्याही उपकरणाचे नाहीत, ते मी घरी बसून भात शिजवावा तसे शिजवले आहेत. वहीत लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि तुम्ही दोघांनी मला इथेच विचारलंत, तेव्हाही मला ते माहीत होतं."